शिंगाचे दात

कुवेतवर इराकची फौज चालून गेली त्या सालची गोष्ट. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती, आणि वालूरच्या भगवानरावांच्या ओसरीवर त्यांचा जावई, चारठाण्याचा रंगनाथ, मांडीवर घोंगडीचं गाठोडं घेऊन बसला होता. सासूबाई सरजाबाई चहाची कपबशी समोर ठेवून आत निघून गेल्या होत्या. चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नव्हता. जावयापुढचा चहा गार होतो म्हणजे त्या घरात काहीतरी बिनसलंय, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

बिनसलं होतं ते असं. रंगनाथ चार वर्षं कुवेतला होता. बायको मनकर्णा तेवढा काळ माहेरी, वालूरला. तिकडून तो पत्र पाठवायचा, की एका धनवान शेखाकडं कामाला आहे. शेखाच्या पोरांकडं खेळण्यातल्या मोटारी आहेत, पण खऱ्या मोटारीसारख्या इंजिनावर पळणाऱ्या, लांबून हातातल्या डबीनं चालवायच्या. त्या नीट ठेवायच्या, मोडल्या तर दुरुस्त करायच्या, एवढंच काम. पत्र मनकर्णाचा भाऊ भुजंग मोठ्यानं वाचून दाखवायचा. पहिल्या पत्राला घरातले हसले. दुसऱ्याला गल्ली हसली. मग जिंतूरकडचा एक माणूस कुवेतहून सुट्टीवर आला आणि बाजारात बोलून गेला, की असला कोणी कारागीर तिकडं आपण ऐकला नाही, उंटाचं शेण काढत असंल बिचारा. आता कुवेत म्हणजे काय बोरीचा बाजार आहे, की सगळ्यांनी सगळ्यांना ओळखावं? पण बोललेला शब्द गावात एकदा सुटला की त्याला वेसण घालता येत नाही.

भगवानरावांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. हा माणूस आयुष्यात एका गोष्टीला फार जपत आला होता. माणूस अडाणी चालेल, रागीट चालेल, खोटं बोलणारा चालणार नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमी सुखरूप आलाव, लय झालं. पन पोरीला न्यायचं म्हनताव, तर एक गोष्ट मोकळी करा. तिकडं काय करत व्हताव?"

"पत्रात लिवलं व्हतं तेच, मामा."

"दाजी, आमाला येडं समजायलाव का?" भुजंग खांबाला टेकून उभा होता. "आमच्याकडं खेळणं मोडलं तर उकिरड्यावर जातं. त्याला पगारी मेकॅनिक कोन ठिवतं?"

रंगनाथनं गाठोड्याची गाठ सोडली.

आत एक ट्रक होता. हातभर लांब, पुढं-मागं जाडजूड काट्यांची रबरी चाकं, अंगावर निळा रंग आणि त्यावर ओरखडेच ओरखडे. मधोमध लिंबाएवढं इंजिन, त्याला बारक्या पात्यांचं डोकं. लढाई पेटल्यावर शेखाचं कुटुंब रातोरात निघून गेलं, तेव्हा थोरल्या पोरानं हा वापरून जुना झालेला ट्रक रंगनाथच्या हातात दिला होता. मग वाळवंटातून जॉर्डनच्या हद्दीपर्यंतचा प्रवास, तिथल्या तंबूंची छावणी, आणि शेवटी मुंबईला आणणारं विमान. लोकांनी येताना भांडी आणली, कपडे आणले. रंगनाथनं अंथरूण टाकून दिलं आणि हा ट्रक आणला. चार वर्षांच्या खरेपणाचा दुसरा पुरावाच त्याच्याजवळ नव्हता.

"मंग चालवून दावा," भुजंग म्हणाला.

"आज चालायचा न्हाई. इंजिन ठीक हाय, पन चाकाला जोर जाईना. आतलं दातेरी चाक खाल्लंय."

भुजंग खो खो हसला. भगवानराव हसले नाहीत. ते ट्रककडं आणि मग जावयाच्या तोंडाकडं बघत राहिले.

"भाऊबिजेच्या सकाळी," ते सावकाश म्हणाले. "मारुतीच्या पारापासून ह्या आपल्या ओट्यापर्यंत. हे चालत आलं, तर तुमचा शब्द खरा. मनकर्णा त्याच दिशी तुमच्या संगं यील. न्हाई आलं, तर पोरगी हितंच ऱ्हाईल, आन् पुन्हा तिचं नाव काढायचं न्हाई."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मनकर्णा दाराच्या आडच होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

रंगनाथ उठला आणि गावातल्या सूर्यभान शिंप्याकडं गेला. दोघं लहानपणी चारठाण्याच्या शाळेत एका बाकावर होते; सूर्यभाननं पुढं वालूरला दुकान टाकलं. हाच तो रंगनाथ, ज्यानं चौथीत असताना गुरुजींचा बंद पडलेला रेडिओ उघडून आतलं मुंग्यांचं वारूळ बाहेर काढलं होतं. रेडिओ बोलायला लागला आणि गुरुजींनी आधी दोन छड्या मारून मग शाबासकी दिली. छड्या विनापरवानगी उघडल्याबद्दल, शाबासकी दुरुस्तीबद्दल. सूर्यभाननं मशीन बाजूला सरकवून त्याला दुकानातली खिडकीजवळची जागा दिली.

"तुझं कसब मला ठावं हाय," तो म्हणाला. "पन रंग्या, हे व्हईल का?"

"व्हायलाच पायजे."

त्यानं शिवणमशीनच्या बारक्या पेचकसानं एकेक स्क्रू काढला. मागच्या आसाजवळची दातेऱ्यांची पेटी उघडली आणि पेटीतून वर्तमानपत्रावर वाळू सांडली. पिवळट, पिठासारखी बारीक. आपल्या दुधना नदीची वाळू खडबडीत असते, मुठीत धरली तर टोचते. ही बोटांतून पाण्यासारखी निसटत होती. ह्याच वाळूनं घात केला होता. ती वंगणात कालवली गेली, तिची कानस झाली, आणि मधल्या मोठ्या नायलॉनच्या चाकाचे एका बाजूचे दात तिनं साफ खाल्ले. इंजिन फिरलं की लहान चाक त्या बोडक्या जागेशी यायचं आणि तिथंच घरंगळत बसायचं. शिवाय मागच्या चाकाला फिरवणाऱ्या दांडीची आडवी खीळ मोडली होती.

खिळीचं काम सोपं होतं. सूर्यभाननं मशीनची जाड सुई दिली; रंगनाथनं ती मापात तोडून, टोकं घासून बसवली. पण दात कशाचे करायचे? लाकूड तेलानं फुगेल. पितळ कठीण, ते समोरच्या चाकाला खाईल. असलं नवं चाक परभणीत तर सोडाच, मुंबईतही कुठं मिळेल याचा पत्ता त्याला नव्हता. तो दोन दिवस नुसता ते चाक तळहातावर घेऊन बसला. सूर्यभानच्या गिऱ्हाइकांनी ही बातमी गावभर केली, की जावई हरला.

तिसऱ्या दिवशी तो सासऱ्याच्या गोठ्यात बैलांना वैरण टाकायला गेला. तोंडातून शब्द फुटत नसला तरी हाताला काम नको असं त्याला कधी झालं नाही. तिथं कुडाच्या फटीत पोळ्याला बैलांची शिंगं साळताना कापलेली टोकं खोचून ठेवलेली होती. त्यानं एक टोक काढलं, नखानं दाबलं, दातानं चावून बघितलं. शिंग चिवट असतं. तुटत नाही, फुगत नाही, कानशीला वळतं. पूर्वी फणीवाले शिंगाच्या फण्या करायचे त्या आजीपासून नातीपर्यंत चालायच्या.

"मामी, हे घिऊ का?" त्यानं सरजाबाईला विचारलं.

"घ्या की. त्याला का इचारायचं?" सरजाबाई म्हणाल्या, आणि मग आवाज खाली करून, "दोन घास खाऊन जा. तुमचं तोंड बगवत न्हाई."

जेवायला वाढलं ते मनकर्णानं. ताट ठेवताना ती एवढंच म्हणाली, "जमंल का?"

"दात बसले तर."

"आन् न्हाई बसले तर?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. ती आत गेली. त्याच्या मनात आलं, हिला आपल्यावर भरोसा आहे की नाही, हे आपण चार वर्षांत पत्रातूनही विचारलं नाही. पण विचारायची छाती त्याला तेव्हाही झाली नाही.

त्यानं नायलॉनच्या चाकाची बोडकी जागा कोरून तिथं खाच केली, खाली रुंद आणि वर अरुंद, सुतार चौकट सांधतो तशी. त्यात शिंगाचा तुकडा दाबून बसवला आणि मग त्या तुकड्यावर केसासारख्या बारीक कानशीनं दात कापले. एक दात जरा जाड झाला तरी चाक अडणार, बारीक झाला तरी निसटणार. दिवसभर पाठ वाकलेली. सूर्यभान मशीन चालवायला लागला की मेज हादरायचं, म्हणून रंगनाथ हात वर करायचा आणि सूर्यभान पायट्यावरचा पाय थांबवायचा. दिवाळीचं शिवण अंगावर आलेलं असताना शिंप्यानं मशीन थांबवणं म्हणजे काय, ते शिंप्यालाच विचारावं.

दोन दातेरी चाकं एकमेकांत बसवताना फार घट्ट बसवली तर घासतात, फार सैल ठेवली तर दात खातात. कुवेतला ह्याची एक युक्ती तो शिकला होता. त्यानं पतंगाच्या कागदाची पट्टी दोन्ही चाकांच्या मध्ये घातली, चाकं दाबून स्क्रू आवळले, आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दातांची नक्षी उमटली, पण कागद फाटला नाही. तेवढीच जागा पाहिजे होती.

राहिलं इंधन. हे इंजिन पेट्रोलवर चालत नाही. त्याला लागतं विषारी मिथिल स्पिरिट आणि त्यात एरंडेल; तिकडं आणखी एक रसायन टाकत, ते इकडं मिळणं शक्य नव्हतं. त्याशिवाय ताकद कमी पडली असती, पण इंजिन चाललं असतं. स्पिरिट आणायला तो परभणीला गेला, तर त्या दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता. स्टेशनापासून बाजारापर्यंत सगळी दुकानं बंद, रस्त्यावर मोर्चा, चौकात पोलीस. रसायनं विकणाऱ्या दुकानदाराचं घर शोधत तो गल्ल्या-गल्ल्यांतून फिरला. माणूस भला होता. मागच्या दारानं आत घेतलं, पण बाटली देताना हात मागं ओढला.

"पिनार तर न्हाईस ना? डोळे जात्यात. जीव बी जातो."

"खेळण्यातल्या ट्रकात घालायचंय."

दुकानदारानं त्याला निरखून बघितलं. "पिनार न्हाईस यवढं खरं दिसायलंय," तो म्हणाला. "बाकीचं तुझं तुला." आणि लहान बाटली भरून दिली.

त्या बाटलीत एरंडेल मिसळून जे झालं ते एकदा टाकी भरून थोडं उरेल एवढंच होतं. पाडव्याच्या संध्याकाळी सूर्यभानच्या परसात त्यानं ट्रक दोन विटांवर ठेवला, चाकं अधांतरी. इंजिनाच्या डोक्यात एक बारकी तार असते, ती सेलनं तापवावी लागते. तापवली, दोरी ओढली, आणि इंजिन चावऱ्या माशीसारखं किंचाळलं. हातातल्या डबीचा खटका त्यानं हळूच दाबला. चाकं गरगरा फिरली. शिंगाचे दात टिकले. त्यानं लगेच इंजिन बंद केलं, कारण प्रत्येक थेंब उद्यासाठी हवा होता. सूर्यभानच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं होतं असं तो पुढं कित्येक वर्षं सांगायचा.

दुकानात कुणाचा हात लागायला नको, म्हणून ट्रक त्यानं सासऱ्याच्या गोठ्यात, बैलगाडीजवळच्या फळीवर नेऊन ठेवला. उद्याची सगळी भिस्त त्या फळीवर होती. ओसरीवर त्याला पहाटेपर्यंत झोप लागली नाही.

आता भगवानरावांच्या बैलगाडीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. ह्या माणसाची गाडी पंचक्रोशीत एकच, जिच्या चाकाचा कधी आवाज आला नाही. एरंडेलात काजळी खलून केलेलं काळं वंगण बांबूच्या नळीत भरून गाडीखाली टांगलेलं असायचं, आणि कुठंही निघायचं तर आधी आसाला वंगण, मग बैलांना जू. एकदा सेलूच्या बाजारातून येताना गाडीत त्यांना झोप लागली. बैल आपले आपण घरी आले, अंगणात उभे राहिले. गाडी आल्याचा आवाजच नाही, म्हणून घरातल्या कुणाला पत्ता नाही. सकाळी सरजाबाई सडा टाकायला बाहेर आल्या आणि त्यांनी बादलीभर सडा झोपलेल्या नवऱ्यावर टाकला. तरी भगवानराव ती गोष्ट अभिमानानंच सांगायचे.

भाऊबिजेची सकाळ उजाडली. मारुतीच्या पारावर माणूस मावेना. दिवाळीला आलेल्या लेकी, त्यांचे नवरे, म्हातारे, सगळे गल्लीच्या दोन्ही कडांनी उभे. भगवानराव पाराजवळ हात मागं बांधून. सरजाबाई आणि मनकर्णा दूर, आपल्या ओट्यावर.

"दाजी, मुहूर्त बघितला का?" भुजंग म्हणाला आणि लोक हसले.

रंगनाथनं टाकी भरली. सेल लावला. दोरी ओढली. इंजिन पेटलं आणि पुढची माणसं दचकून मागं सरकली. त्यानं डबीचा खटका दाबला.

इंजिन किंचाळलं. ट्रक जागचा हलला नाही.

त्यानं आणखी दाबलं. इंजिनाचा आवाज चिरका झाला, जळकट धूर आला, चाकं जराशी थरथरली आणि थांबली.

"गळा लय चांगला हाय," मागून कोणीतरी म्हणालं. "गाणं येतंय, चालणं न्हाई."

रंगनाथनं इंजिन बंद केलं. दात मोडले? काल तर टिकले होते. तो तिथंच मातीत बसला आणि वरचा टप काढला. दात शाबूत होते, सगळेच्या सगळे. मग त्यानं क्लचच्या वाटीत बोट घातलं.

ह्या गाडीत इंजिन आणि दातेरी चाक यांच्यामध्ये एक वाटी असते आणि वाटीत दोन चिमुकले तुकडे. इंजिन जोरात फिरलं की तुकडे फाकतात आणि वाटीला घासून तिला ओढतात, मग गाडी चालते. सगळ्या गाडीत ही एकच जागा अशी, जिथं तेलाचा थेंब लागता कामा नये. लागला की तुकडे नुसते घसरतात.

त्याचं बोट काळंभोर निघालं. आधी त्याला वाटलं, इंधनातलं एरंडेल गळलं. पण ते पिवळं असतं. हे जाड, चिकट, काजळीनं काळं. त्यानं दुसऱ्या बाजूला बोट लावलं, आसाला, चाकाच्या बुडाला. सगळीकडं तेच, अगदी मायेनं, कोपऱ्या-कोपऱ्यात घातलेलं.

त्यानं मान वर केली. भगवानराव त्याच्याकडं बघत नव्हते. ते मारुतीकडं बघत होते, आणि मागं बांधलेल्या हातांचा एक अंगठा दुसऱ्या हाताची बोटं पुन्हा पुन्हा पुसत होता.

म्हणजे पहाटे, बैलांना पाणी दाखवायच्या वेळी, म्हातारा फळीजवळ गेला होता. गाडी निघायच्या आधी तिला वंगण लागतं. जावयाची गाडी अडू नये, म्हणून त्यानं नळी उघडली होती.

रंगनाथच्या तोंडाशी शब्द आले. एक वाक्य बोललं असतं, तर सगळा दोष त्याच्या डोक्यावरून उतरला असता. पण ते वाक्य भर चौकात सासऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसलं असतं.

"काय झालं?" भुजंगनं विचारलं. "सांगा की. का शेखाला तार करायची?"

"आत तेल गेलंय," रंगनाथ म्हणाला. "धुवावं लागंल."

"कोन घातलं तेल?"

"लागलं आसंल. माझाच हात."

भगवानरावांची मान हलली.

आता धुवायचं कशानं? रॉकेलनं धुतलं तर रॉकेलचाच तवंग राहतो. उरलेल्या स्पिरिटात एरंडेल मिसळलेलं. तो वाटी आणि तुकडे सुटे करून तळहातावर घेऊन बसला आणि लोक पांगायला लागले. भुजंग म्हणाला, "चला, घरी फराळाचं बघू, हितं काय उरलं न्हाई." कोणी विडी पेटवली. कोणी मनकर्णाचं नाव घेऊन हळहळलं.

तेवढ्यात पुढ्यात एक तांब्या ठेवला गेला. वाफ निघत होती, वर फेस.

"रिठ्याचं पानी हाय," मनकर्णा म्हणाली. सगळ्या गल्लीतून ती चालत आली होती, डोईवरचा पदर सावरत, कुणाकडं न बघता. "दिवाळीत डोक्याला चोपडलेलं तेल ह्यानंच निघतं. हे कामून निघनार न्हाई?"

त्यानं तुकडे पाण्यात टाकले. ती समोर बसली आणि वाटी घासायला घेतली, चकलीचा साचा घासावा तशी. पाणी काळं झालं. तिनं ते ओतून दुसरं आणलं. तेही काळं झालं. मग त्यानं सगळं पुसून पाराच्या उन्हात तापलेल्या दगडावर मांडलं, आणि ते सुकेपर्यंत बघत बसण्यापलीकडं काही हातात नव्हतं.

पांगलेली माणसं परत जमली. नवरा-बायको चौकात बसून भांडी घासल्यासारखं काहीतरी करताहेत, हे सोडून घरी कोण जाईल?

"भुजंग," भगवानराव एकदम म्हणाले. आवाज बसलेला. "तेल त्यांच्या हातचं न्हाई. ते वंगण हाय. मी घातलंय."

भुजंगच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "आबा, तुमी?"

"गाडी निघायची म्हनल्यावर कोरडी कशी जाऊ द्यायची? मला काय ठावं, हिच्यात कोरडं बी ठिवायचं असतंय." मग जावयाकडं बघून, "तुमाला कळलं व्हतं. बोलला का न्हाई?"

रंगनाथनं तुकडे ओठाला लावून बघितले, खडखडीत सुकले होते. आसावरचं, चाकांवरचं वंगण फडक्यानं पुसलं, क्लच जोडला, पतंगाच्या कागदानं चाकांमधली जागा पुन्हा तपासली. टाकीत पाऊण टाकीच इंधन होतं. पुन्हा भरायला बाटलीत जे होतं ते तळाशी होतं.

तिसऱ्या ओढीला इंजिन पेटलं. त्यानं खटका दाबला.

ट्रक उडी मारून निघाला.

लोकांनी वाट दिली नसती तर पायात शिरला असता. मातीत चाकांचे दोन चर उठवत तो सुताराच्या घरावरून गेला, एक कुत्रं भुंकायचं विसरून भिंतीवर चढलं. रंगनाथ मागून धावत होता, डबी दोन्ही हातांत, डोळे ट्रकवर. वळणावर गल्लीच्या मधून मोरीचं पाणी वाहत होतं. त्यात एक चाक रुतलं, इंजिन घुसमटलं, दात कुरकुरले. तो आवाज फक्त रंगनाथला समजला. शिंगाचा तुकडा हलत होता. त्यानं खटका सोडला, मोजकाच दाबला, पुन्हा सोडला, पुन्हा दाबला. ट्रक चिखल उडवत बाहेर आला, पण आता दर फेऱ्याला टक-टक व्हायला लागलं होतं. शिंगाचा एक दात गेला होता. बाकीच्यांनी धरायला हवं होतं. ओटा समोर दिसत होता. तो ट्रकला आता जोरात सोडू शकत नव्हता, हळू चालवला तर इंधन संपणार होतं. टक-टक, टक-टक, सगळी गल्ली तो आवाज ऐकत चालली होती, आणि भुजंग सगळ्यांत पुढं होता.

ट्रकचं पुढचं चाक ओट्याच्या पायरीला टेकलं. इंजिन तिथंच फुसकं होऊन बंद पडलं.

सूर्यभाननं डोक्यावरची टोपी काढून तोंड पुसलं.

भगवानराव मागून चालत आले, पायरीशी थांबले. "शब्द खरा हाय," ते म्हणाले. "पोरगी तुमची. आज जेवून निगा."

"आबा," मनकर्णा म्हणाली. ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी होती. "चार वर्सं पत्रं आली, मला कुनी इचारलं न्हाई खरं वाटतं का. ही आट घातली, तवाबी इचारलं न्हाई. आता मी एक इचारते." ती रंगनाथकडं वळली. "लढाई थांबली, तिकडून पुन्हा बोलावनं आलं, तर जाताव का?"

सरजाबाईंनी दारातून जावयाला डोळ्यानं खुणावलं. म्हणा की, जाणार नाही म्हणून; बाई एवढंच ऐकायला उभी आहे. रंगनाथलाही ते कळत होतं. एक अक्षर बोलायचं होतं आणि सगळं पदरात पडत होतं. त्यानं हातातली डबी खाली ठेवली.

"बोलावनं आलं तर जाईन," तो म्हणाला. "मला ह्याच कामाची आवड हाय, आन् हितं ह्या कामाला कुनी इचारत न्हाई. तुला नेता आलं तर नेईन. पन तिकडं नेऊ देत्यात का न्हाई, मला ठावं न्हाई. खोटं कशाला सांगू?"

भगवानरावांनी डोळे मिटले. मनकर्णानं हातातला तांब्या ओट्यावर ठेवला.

"बरं," ती म्हणाली. "बोलावनं आलं म्हंजे बघू. भुज्या, पाटावर बस. तुला ओवाळते, मंग निगायचंय मला."

दुपारी वालूरच्या फाट्यावर जिंतूरकडं जाणाऱ्या एसटीत उभं राहायला जागा नव्हती. भुजंग बहिणीची पेटी डोक्यावर घेऊन आला होता. गाडी हलायला लागली तरी रंगनाथ खालीच, घोंगडीत बांधलेला ट्रक छातीशी धरून, कुठल्या दारानं शिरावं ते बघत.

खिडकीतून मनकर्णानं हात बाहेर काढला.

"त्ये हिकडं द्या," ती म्हणाली, "आन् तुमी चढा आधी."